तोळा नेमका कुठला?

गुजरीत (सराफ बाजारात) जुनं सोनं मोडायला नेताय? आधी तोळा कुठला ते बघा. आजीच्या पावतीवरचा तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे जुन्या वजनांत १२ मासे किंवा ९६ गुंजांचा. आज दुकानात सर्रास बोलतात तो १० ग्रॅमचा. त्यामुळे जुने ५ तोळे ५८.३२ ग्रॅम भरतात; ५० धरलेत तर सव्वाआठ ग्रॅमवर पाणी! (झीज निराळी.) म्हणून बोलणं ग्रॅममध्येच करा, काट्यावरचा आकडा स्वतः वाचा.

कोल्हापूरजवळच्या हुपरीची चांदी किलोत मोजतात, जागतिक भाव मात्र औंसात. तो ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा, किराणा मालाचा २८.३५चा नव्हे. किलोचा भाव काढायला औंसाचा भाव ३२.१५ने गुणा, मग डॉलरचा दर लावा. आयात शुल्क आणि जीएसटी त्यावर.