मुंबईच्या घरात कपडे धुण्याचा कोपरा लावताना या चुका टाळा

कपडे धुण्यासाठी वेगळी खोली मुंबईत फार थोड्या घरांत असते. मशीन बाथरूममध्ये नाहीतर ड्राय बाल्कनीत, आणि वाळत घालायला खिडकीबाहेरच्या दांड्या. हा कोपरा नीट लावायचा म्हटलं की लोक आधी फळ्या आणि टोपल्या घेऊन येतात. माझ्या मते सुरुवात इथेच चुकते. या शहरात खरा प्रश्न ओलीचा आहे. अंगावरून उतरलेला कपडा घडी होऊन कपाटात जाईपर्यंत कुठे कुठे ओला पडून राहतो, ते आधी बघा.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "धुतले तरी कपड्यांना कुबट वास येतो". साधारण ११ जूनला मुंबईत मॉन्सून येतो आणि पुढचे कितीतरी आठवडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच राहते. कपडा तासन् तास ओला राहिला की धाग्यांत उरलेल्या घामावर आणि तेलकटपणावर जिवाणू वाढतात, वास त्यांचा असतो. पावडर दुप्पट घालून तो जात नाही. उलट जास्तीची पावडर खळबळून निघत नाही, कापडातच राहते. वास मारायला कंडिशनर ओतणंही नको. त्याचा थर बसला की टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

रात्री मशीन लावून सकाळी कपडे काढण्याची सवय मोडा. धुणं संपलं की लगेच बाहेर. सुती कपड्यांना पिळण्याचा वेग मिनिटाला १,००० ते १,२०० फेऱ्यांवर ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. दोन कपड्यांत चार बोटं अंतर सोडा. जीन्स उलटी करा, खिसे बाहेर ओढा आणि कमरेला चिमटे लावून अशी टांगा की आतून वारा फिरेल. जीन्समध्ये ओल सर्वांत शेवटपर्यंत राहते ती खिशांत आणि कमरपट्टीत. टेबलफॅन बाजूने लावा आणि एक खिडकी उघडी असू द्या. सगळं गच्च बंद करून घरात दोरी बांधली तर कपड्यातलं पाणी भिंतीत आणि गादीत जातं. वास मुरलेले पांढरे सुती टॉवेल ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा.

मग मशीनकडे वळा. फ्रंट लोडच्या दाराचं रबर बोटाने मागे ओढून खालच्या बाजूला पाहा. काळपट चिकट थर, केस, कधी एखादं नाणं सापडेल. धुणं झालं की ती खाच कोरड्या फडक्याने पुसा, पावडरचा कप्पा ओढून ठेवा आणि दार दोन बोटं उघडं ठेवा. जागा निवडताना हे लक्षात घ्या: दार उघडं राहिलं तर चालायची वाट अडेल, अशा कोनात मशीन बसवू नका.

मशीन पाणीच घेत नसेल तर मेकॅनिकला बोलावण्याआधी इनलेटची, म्हणजे नळाचा पाइप मशीनला जोडतो तिथली जाळी बघा. सोसायटीची टाकी साफ झाल्यावर ही जाळी हमखास गाळाने बुजते. नळ बंद करा, पाइप सोडा, जाळी पक्कडीने हलकेच ओढा आणि जुन्या टूथब्रशने घासा. शेवटच्या मजल्यावर कारण वेगळं असू शकतं. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. माहितीपुस्तिकेत किमान ०.३ बार लिहिलं असेल, तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळापेक्षा तीन मीटर वर हवं. तेवढं नसेल तर छोटा प्रेशर पंप लागतो.

पाणी भरता भरताच निघून जात असेल तर निचऱ्याचा पाइप खाली पडलाय का पाहा. फ्रंट लोडचा पाइप साधारण ६० ते ९० सेंटीमीटर उंचीवर अडकवलेला असावा.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर २,००० वॅटच्या घरात असतो, त्याला एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवंच.

आता फळ्या. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर शेजारी ठेवू नका. ब्लीच आणि क्लीनरमधलं आम्ल एकत्र सांडलं तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि आपली बाथरूम केवढीशी असते! टोपली जाळीची घ्या, झाकणाची बादली नको. लोकलच्या गर्दीतून आलेला घामेजलेला शर्ट आधी दारामागच्या खुंटीवर सुकू द्या, मग टोपलीत टाका. इस्त्रीवाल्याला दमट कपडे गाठोड्यात बांधून देऊ नका. तिकडून आलेला गरम गठ्ठाही तासभर बाहेर राहू द्या, नाहीतर घड्यांतली वाफ कपाटात कोंडते.