वेल्डमधला तडा चुंबकाने कसा शोधावा

वेल्ड दिसायला सुरेख असला, तरी त्याच्या कडेला केसाएवढा तडा लपलेला असू शकतो. एमपीआय, म्हणजे चुंबकीय कणांची तपासणी, तो दाखवते. पोलाद चुंबकित केले की बलरेषा त्यातून वाहतात. वाटेत तडा आडवा आला की त्या तिथे पृष्ठभागाबाहेर येतात आणि लोखंडाचे बारीक कण तिथेच गोळा होतात.

आधी धातूला साधा चुंबक लावून पाहा. 304 किंवा 316 स्टेनलेस, ॲल्युमिनियम, तांबे यांवर ही पद्धत चालत नाही. तिथे डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणारा रंगीत द्रव, वापरा. जाड किंवा जास्त ताकदीच्या पोलादात हायड्रोजनमुळे तडा उशिरा उघडतो, म्हणून अशा जोडाची तपासणी बहुधा 48 तासांनी करतात. त्याआधी तपासण्याची घाई महागात पडते.

स्लॅग (वेल्डवरची कडक खपली), स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे थेंब), तेल काढून जोड आणि दोन्ही बाजूंची साधारण 25 मिमी पट्टी कोरडी करा. पांढऱ्या पेंटचा अगदी पातळ थर द्या. जाड थराखाली बारीक तडा हरवतो. योकची, म्हणजे जोडावर टेकवायच्या दोन पायांच्या विद्युतचुंबकाची, ताकदही आधी तपासा. एसी योकने 4.5 किलोचा पोलादी ठोकळा उचललाच पाहिजे.

आता योक टेकवून करंट सुरू करा आणि करंट चालू असतानाच काळी शाई (लोखंडाचे बारीक कण मिसळलेला द्रव) हलकी फवारा. आधी फवारा थांबवा, मग करंट. उलट केले तर वाहती शाई जमलेले कण धुऊन नेते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दिशेत. योकच्या दोन पोलांना (पायांना) जोडणाऱ्या रेषेला आडवा असलेला तडा ठळक उमटतो, समांतर असलेला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून प्रत्येक जागा दोनदा तपासा: एकदा पोल जोडाच्या दोन बाजूंना, एकदा जोडाच्या लांबीत. एकाच दिशेने तपासून जोड पास करणे म्हणजे अर्धी तपासणी, आणि मला ती मुळीच मान्य नाही. पुढे सरकताना आधीचा थोडा भाग पुन्हा झाकला जाऊ द्या.

भरपूर उजेडात पाहा. रेघ बारीक, ठळक असेल तर तड्याचा संशय घ्या. वेल्ड जिथे संपतो त्या खळग्यात तडा अनेकदा चांदणीसारखा दिसतो. पुसट, रुंद पट्टा पृष्ठभागाखालच्या दोषाचा असू शकतो. खोलवरचे दोष मात्र यात सापडत नाहीत, त्यासाठी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) तपासणी किंवा रेडिओग्राफी (एक्स-रेसारखी तपासणी) हवी. अंडरकटच्या, म्हणजे वेल्डच्या काठाला वितळून पडलेल्या खाचेच्या, धारदार कडेलाही कण जमतात. शंका आली तर कडा हलकेच ग्राइंड करून पुन्हा तपासा.

तडा ठरला तर ग्राइंडरने पूर्ण काढा, आणि नवा वेल्ड भरण्याआधी त्या खाचेचीही एमपीआय करा.