शाळेचा अभ्यासक्रम आखताना या चुका टाळा

जूनमधल्या नियोजनाच्या बैठकीत मी वर्षानुवर्षं हेच पाहत आलो: नवं पुस्तक उघडायचं, पानं मोजायची, कामाच्या दिवसांनी भागायचं. यालाच आम्ही अभ्यासक्रम म्हणायचो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाठ्यपुस्तक हे साधन आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये मांडलेला क्रम आजही कामाचा आहे: आधी उद्दिष्टं, मग शिकण्याचे अनुभव, त्यांची मांडणी आणि शेवटी मूल्यमापन. म्हणून बैठकीत पुस्तक मिटा आणि अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे शिकल्यावर मुलाला काय करता यायला हवं याचा, तक्ता समोर घ्या.

शाळेचं नियोजन लिहिताना ‘समजतो’, ‘जाणतो’ असे शब्द नकोत. ‘अपूर्णांक समजतो’ हे तपासायचं कसं? चौथीतल्या एका मुलीने मला ठामपणे सांगितलं होतं, एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा, कारण तीनपेक्षा चार मोठे. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, एकीचे तीन, दुसरीचे चार समान भाग केले आणि एकेक भाग एकमेकांवर ठेवला. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘वाटेकरी वाढले की वाटा बारीक होतो.’ त्यात अख्खा तास गेला. पानांच्या हिशोबात त्याला जागाच नव्हती. ‘पट्ट्या वापरून दोन अपूर्णांकांची तुलना करतो’ असं लिहिलं असतं, तर असती.

‘हे मागच्या वर्षी झालंय’ म्हणून पुढे पळू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांचा सर्पिल अभ्यासक्रम हेच सांगतो: तीच संकल्पना दरवर्षी थोड्या अधिक खोलीने पुन्हा यायला हवी.

नवा उपक्रम घातलात, तर जुनं काहीतरी काढा. शाळकरी मुलांवरच्या अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या केंद्र सरकारच्या यशपाल समितीने १९९३ मध्येच बजावलं होतं की दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक असतं.

दुसऱ्या शाळेचं नियोजन जसंच्या तसं उतरवू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावात दिवाळीच्या सुमारास वर्ग रिकामे होऊ लागतात. तिथे वाचन-लेखन आणि गणितातल्या मूलभूत क्रियांच्या निष्पत्ती पहिल्या सत्रातच घ्याव्या लागतात, आणि परत आलेल्या मुलांसाठी मार्च-एप्रिलमधले तास आधीच राखून ठेवावे लागतात. हे त्या गावच्या शिक्षकालाच ठाऊक असतं. नियोजनाच्या बैठकीत पहिल्यांदा त्याला बोलू द्या.