बँड ऐकायला गेलेल्या सहलींची नोंद: आधी तिकिटं, मग कॅसेट

ठाण्या-नवी मुंबईतून चर्चच्या युथ ग्रुपने टेम्पो ट्रॅव्हलर करून पुण्याला नाहीतर थेट बेंगळुरूला वर्शिप बँड, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणारे बँड, ऐकायला जायचं, हे काही नवं नाही. या सहलींचं सामान मात्र दहा घरांत विखुरलेलं असतं. ते गोळा करताना लोक फोटोंपासून सुरुवात करतात. फोटो थांबू शकतात. जे लवकर खराब होतं, ते आधी हातात घ्या.

म्हणजे तिकिटं आणि टोलच्या पावत्या. यातल्या बऱ्याचशा थर्मल कागदावरच्या असतात. त्यात शाई नसते, उष्णतेने काळा होणारा थर असतो, म्हणून अक्षरं आपोआप पुसट होत जातात. लॅमिनेशन अजिबात नको, गरम रोलरखालून गेलेलं तिकीट पूर्ण काळं होतं. सॅनिटायझर लागलेले हातही दूर ठेवा. ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, मूळ तिकीट साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तारीख पेन्सिलने लिहा.

पावती नसेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट काढा. खालापूर आणि तळेगाव टोलच्या वेळांवरून गाडी कधी गेली आणि कधी परतली ते मिळतं. परतताना मध्यरात्र उलटली असेल तर तारीख दुसऱ्या दिवसाची दिसेल. कार्यक्रमाची तारीख आदल्या दिवसाची धरा. ट्रॅव्हलर भाड्याचा असेल तर फास्टॅग मालकाच्या नावावर असतो, तेव्हा त्यालाच विचारावं लागेल.

मग कॅसेट. कार्यक्रमात विकत घेतलेल्या असोत की कोणी टेपवर भरलेल्या, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात टेपवर पांढरी बुरशी धरते. काचेसारख्या खिडकीतून बघा. बुरशी दिसली तर लावू नका. ती डेकच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. अशी कॅसेट जाणकाराकडे द्या. कॅसेट स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली वळणं मोकळी होतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आवाज बोदा येत असेल किंवा मध्येच बुडत असेल तर टेपला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा छोटा तुकडा गळालाय का पाहा. बऱ्याचदा तेच असतं.

डेकच्या लाइन आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन इनमध्ये वायर द्या. रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि फाइल डब्ल्यूएव्ही (न दाबलेला, पूर्ण आवाज) ठेवा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण १ जीबी जागा लागते. एमपी३ नंतर करता येते. एमपी३वरून उलट पूर्ण आवाजाकडे जाता येत नाही.

फोनवरच्या व्हिडिओंत एक अडचण नेहमीची. स्पीकरपुढे उभं राहून घेतलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कुठल्याही अ‍ॅपने नीट पूर्ववत होत नाही. मागे, साउंड कन्सोलजवळ (जिथून आवाज सांभाळतात) जो उभा होता त्याच्या व्हिडिओतला आवाज घ्या, चित्र पुढच्याचं. ड्रमच्या एका ठोक्यावर दोन्ही जुळवा. ३४ मीटर मागे आवाज सुमारे ०.१ सेकंद उशिरा पोहोचतो, त्यामुळे नुसत्या घड्याळावर भरवसा ठेवू नका. फायली व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारख्या मागवल्या तर आकार घटतो आणि आतली तारीख-वेळ जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

बँडच्या नावाबरोबर त्या रात्री कोण गायलं तेही लिहा. गायक बदलत राहतात. जीझस यूथ या कॅथलिक तरुणांच्या चळवळीच्या रेक्सबँडसारखे गट तर पिढ्या बदलूनही त्याच नावाने गातात. गाण्याच्या शीर्षकापुढे पहिली ओळ आणि भाषा हवीच, कारण तेच गीत हिंदीत, मराठीत, कोकणीत वेगळ्या नावाने फिरतं.

लोकांच्या आठवणी दोघादोघांना बसवून रेकॉर्ड करा. एकटा माणूस भाषण करतो, दोघं एकमेकांना दुरुस्त करतात. पंखा बंद ठेवा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका. गाडी तलावपाळीवरून निघाली की कळंबोलीहून, मागच्या सीटवर कोण होतं, खंडाळ्याच्या घाटात काय गात होते, हे विचारा. कोणी साक्ष, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव, सांगितली तर ती त्याच्या परवानगीशिवाय ग्रुपबाहेर जाऊ देऊ नका. लाइव्ह गाणी जाहीर अपलोड करण्याआधी बँडला विचारा.

सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. मूळ वस्तू हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह, आणि डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. जूनच्या आधी जेल बदला.