जुन्या विमानतळाचा इतिहास शोधायचा कसा (कोल्हापूरजवळचं उजळाईवाडी धरून सांगतो)

आपल्याकडं बहुतेकांना एवढंच माहीत असतं की उजळाईवाडीचा विमानतळ कोल्हापूर संस्थानच्या राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ ला झाला. बास. त्याच्या पुढं काय शोधायचं असेल तर आधी लायब्ररीत जाऊन बसू नका, आधी जमीन बघा.

धावपट्टीचा नंबर बघा, ०७/२५. म्हणजे एका टोकानं साधारण ७० अंश, दुसऱ्या टोकानं २५० अंश, होकायंत्रावर. २५० म्हणजे पश्चिम-नैऋत्य, पावसाळ्यात आपल्याकडं वारा येतो ती बाजू! जुनी विमानं हलकी, आडवा वारा आला की भेलकांडायची, त्यामुळं जागा निवडताना वाऱ्याचा विचार पहिला. सिमेंट-डांबर नंतरचं, सुरुवातीची मैदानं बऱ्याच ठिकाणी नुसती गवताची असायची.

मग नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नंबरिंगमध्ये आपला भाग ४७ एल मध्ये येतो, वेगवेगळ्या सालांच्या शीट मिळवा आणि शेजारी शेजारी ठेवा. गुगल अर्थवर मागच्या सालांचे फोटो दिसतात, त्यात १३७० मीटरची धावपट्टी पुढं कशी वाढत गेली ते कळतं. तामगाव, गडमुडशिंगी या शेजारच्या गावांकडच्या जमिनींचे जुने सातबारा आणि फेरफार निघाले तर सोनंच, पण रेकॉर्ड रूमला हेलपाटे घालायची तयारी ठेवा. संस्थानचे कागद पुरालेखागारात, जुनी पेपरं आणि पुस्तकं बघायला करवीर नगर वाचन मंदिर.

आता फोटो, आणि इथंच मी तोंडावर पडलोय 😅 एका मित्राच्या घरी भिंतीवर फोटो, खाली पेनानं लिहिलेलं "कोल्हापूर १९३०", मी लगेच खूश होऊन चार ग्रुपवर टाकला. नंतर झूम केलं तर विमान डाकोटा (डीसी-३)! डाकोटाचं पहिलं उड्डाणच डिसेंबर १९३५ चं, मग १९३० ला कोल्हापुरात कुठनं येणार. तेव्हा कॅप्शन सोडा, विमान बघा. पंखावर किंवा अंगावर व्हीटी- नं (भारतातल्या विमानांच्या नोंदणीची खूण) सुरू होणारी अक्षरं दिसली तर लिहून घ्या, जुन्या नोंदण्यांच्या याद्या नेटवर आहेत, त्यावरनं मॉडेल आणि मालक दोन्ही निघतात. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते पुस मॉथ जातीचं छोटं विमान म्हणजे व्हीटी-एडीएन. तिथनं पुढं बेल्लारीमार्गे मद्रासला नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन गेले, पण त्यांचं नाव कुणाच्या तोंडात नसतं, आपल्याकडं पहिला एकच हिरो लागतो.

शेवटी म्हातारी माणसं. गावात जाऊन "एरोड्रम" विचारू नका, "इमान उतरायचं ते माळ कुठलं" असं विचारा, लगेच बोलतात. साल विचारू नका, ते चुकतंच. "तवा तुमचं लगीन झालतं का? महापूर आधी का नंतर?" असं विचारा, साल आपलं आपण लावायचं. आणि "महाराज स्वतः इमान चालवायचे" असलं काही ऐकलं तर वहीत जरूर लिहा, पण पुढं प्रश्नचिन्ह टाका, जोवर दुसरीकडनं कागद सापडत नाही तोवर ते पुसायचं नाही.