१० गिगाहर्ट्झची डिश आणि तिचा फीड

मी आधी डिशच हातात घेतो, फीड (डिशसमोर बसून तिच्यावर लहरी सोडणारी किंवा तिच्याकडून गोळा करणारी छोटी अँटेना) नंतर. कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवून मध्यावरची खोली मोजा. व्यासाच्या वर्गाला खोलीच्या १६ पटीने भागलं की नाभी-अंतर, म्हणजे डिशच्या मध्यापासून लहरी एकवटतात त्या बिंदूपर्यंतचं (नाभीपर्यंतचं) अंतर, मिळतं: ६० सेमी व्यास, ९.४ सेमी खोली, म्हणजे साधारण २४ सेमी.

आता खरी मेख. नाभीतून अशा डिशची कड अक्षापासून ६४ अंशांवर दिसते. कडेवर प्रकाशन (फीडकडून पडणाऱ्या लहरींची तीव्रता) मध्यापेक्षा १० डेसिबल कमी हवं. कड नाभीपासून मध्यापेक्षा लांब असते, त्यामुळे त्यातले सुमारे ३ वाढीव अंतरातच जातात, म्हणून फीडने त्या कोनात ७ डेसिबल उतरावं. लोक नेमके हेच ३ विसरतात आणि नको इतका अरुंद फीड बनवतात.

फीडला २२ मिमी आतल्या व्यासाची तांब्याची नळी घ्या, मागचं तोंड बंद. प्रोब (नळीत शिरणारा, केबलला जोडलेला तारेचा तुकडा) तिथून १२.५ मिमीवर, लांबी ७ मिमीपासून घासत जुळवा. नळीचं तोंड नाभीवर ठेवा, मग सिग्नल बघत मागेपुढे सरकवा.

पृष्ठभागाची चूक सरासरी (आरएमएस) १ मिमीत राहू द्या. २ मिमीला निम्मी शक्ती जाते. रंगाची चकाकी मात्र बिनकामाची. सगळं जमलं तर ३३ डीबीआयच्या (सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या अँटेनाच्या तुलनेत डेसिबल) आसपास गेन, म्हणजे एका दिशेत शक्ती एकवटण्याचं माप, आणि साडेतीन अंशांचा झोत मिळतो, तेव्हा खांब डुलता नको.