लॉच्या सीईटीचं आणि क्लॅटचं लॉजिकल : मार्क जातात ते इथे

‘लॉजिकलला अभ्यास लागत नाही, ते डोक्यातच असावं लागतं’ म्हणणारी मुलं आणि रोज शंभर प्रश्न फोडणारी मुलं, तर्काच्या या प्रश्नांत दोघांचे मार्क बऱ्याचदा एकाच जागी अडकलेले असतात. मी वकिली करते आणि लॉच्या प्रवेश परीक्षा देणाऱ्या ओळखीतल्या आठ-दहा मुलांचे मॉक, म्हणजे सराव पेपर, रविवारी त्यांच्याबरोबर बसून तपासते. चुका फार नव्या नसतात, फिरून फिरून त्याच येतात.

पहिली चूक पुस्तक विकत घेतानाच होते. पुण्याचं आयएलएस किंवा मुंबईचं जीएलसी अशी लॉ कॉलेजं हवी असतील तर राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी द्यायची. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी देशपातळीवरची क्लॅट. दोन्हींत ‘लॉजिकल’ असतं म्हणून एकच जाडजूड पुस्तक आणलं जातं आणि तिथेच घोळ होतो. सीईटीत पाच वर्षांच्या कोर्सला २०२५पासून १२० प्रश्न आहेत, त्यातले ३२ तर्काचे. तिथे मालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नाती, बैठक व्यवस्था हे सगळं येतं. क्लॅटमध्येही प्रश्न १२०च आणि वेळ दोन तास, पण २०२०पासून तो पेपर उताऱ्यांवर असतो. लॉजिकलचे २२ ते २६ प्रश्न युक्तिवाद उलगडायला लावतात. सहा जण गोल टेबलाभोवती बसवण्यात ज्याने दोन महिने घातले, त्याला क्लॅटचा उतारा परका वाटणारच.

आता उताऱ्यातली खरी चूक. हा नमुना मीच बनवलेला आहे, आधी स्वतः सोडवून बघा.

एका गावात महिलांच्या मागणीवरून मतदान झालं, आडवी बाटली जिंकली आणि दारूचं दुकान बंद झालं. पुढच्या वर्षभरात त्या गावातून पोलिसांकडे गेलेल्या मारामारीच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. म्हणजे दुकान बंद झाल्यामुळे गावातल्या मारामाऱ्या कमी झाल्या.

हा युक्तिवाद सर्वात जास्त कमकुवत करणारं विधान कोणतं?
अ) दारूबंदीमुळे सरकारचा महसूल बुडतो.
ब) शेजारच्या गावात दारू अजून मिळते.
क) त्याच वर्षी गावातली पोलीस चौकी बारा किलोमीटरवरच्या गावी हलवली गेली.
ड) गावातल्या काही पुरुषांचा मतदानाला विरोध होता.

मागच्या रविवारी आठातल्या पाच जणांनी ‘ब’ लावला. का, तर ‘पिणारे शेजारच्या गावी जाणारच की, मॅडम!’ जातीलही. पण हे तुम्हाला माहीत आहे, विधानात कुठेय? आणि गेले असं धरलं, तरी तक्रारी निम्म्यावर का आल्या याचं उत्तर मिळत नाही. पुरावा तक्रारींचा आहे आणि निष्कर्ष मारामाऱ्यांचा. मधली उडी लेखकाने गुपचूप मारली आहे. चौकी लांब गेली म्हणून लोकांनी तक्रार करणंच सोडलं असेल, तर मारामाऱ्या होत्या तेवढ्याच असू शकतात. उत्तर ‘क’.

म्हणून उतारा हाती आला की आधी निष्कर्षाखाली रेघ मारा आणि त्यात पुराव्यात नसलेला कोणता शब्द घुसलाय ते बघा. गृहीतक, म्हणजे लेखकाने न सांगता धरून चाललेली गोष्ट, विचारलं असेल तर पर्याय उलटा करून वाचायचा. ‘मारामारी झाली तरी लोक तक्रार करत नाहीत’ असं म्हटल्यावर युक्तिवाद कोसळतो ना? मग ‘मारामारी झाली की लोक तक्रार करतात’ हेच ते गृहीतक. मात्र उलटं करताना जपून. ‘सगळे वकील श्रीमंत असतात’ याचं उलट ‘एकही वकील श्रीमंत नसतो’ होत नाही. निदान एक तरी वकील श्रीमंत नाही, एवढंच. (तो एक कुठे शोधायचा म्हणून विचारू नका, मी समोरच बसलेली असते.)

‘तर’ आणि ‘तरच’मध्येही पुष्कळ मार्क सांडतात. ‘हॉलतिकीट असेल तरच आत सोडतील’ हे वाक्य घ्या. तुमच्याकडे हॉलतिकीट आहे, म्हणजे आत सोडतील का? गेट बंद झाल्यावर पोचून बघा! हॉलतिकीट लागतं, पण तेवढ्याने भागत नाही. क्लॅटच्या इंग्रजी पेपरात ‘ओन्ली इफ’ दिसलं की मनात ‘तरच’ म्हणा, ‘अनलेस’ दिसलं की ‘नसेल तर’. आपला तो एवढासा ‘च’ इथे फार कामाला येतो.

नात्यांच्या प्रश्नातही मराठी कामाला येते, तरी मुलं उगाच इंग्रजीत विचार करतात. ‘सिस्टर-इन-लॉ’ म्हणजे नणंद, जाऊ, वहिनी की मेहुणी? मराठीत आणलं की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा बोलणारा कोण यावर असतो. फोटोकडे बोट दाखवून एक बाई म्हणते, “याची आई म्हणजे माझ्या आईची एकुलती एक मुलगी.” ती एकुलती एक मुलगी म्हणजे ही बाईच, तेव्हा फोटोतला तिचा मुलगा. हेच वाक्य पुरुषाने म्हटलं तर फोटोतला त्याचा भाचा. बोलणाऱ्याभोवती आधी गोल काढा, मग बाकीचं नात्यांचं झाड.

मालिका आणि सांकेतिक भाषेबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. सराव हवा, आणि दीड मिनिटात सुटलं नाही तर पुढे जा.

मॉक देऊन फक्त मार्क बघणं ही सगळ्यांची लाडकी चूक. एका मुलाला मी चुकांची वही करायला सांगितली. पंधरा दिवसांनी बघते तर प्रत्येक चुकीपुढे कारण एकच, ‘घाई’. वही फुकट. ‘ब लावला, कारण शेजारच्या गावाची गोष्ट मी मनाने जोडली’ असं लिहिलं तर पुढच्या वेळी हात थांबेल. आठवड्याला चार मॉक देण्यापेक्षा एक द्या आणि तो उलगडायला दोन दिवस घ्या.

अंदाजाचं गणित दोन परीक्षांत वेगळं आहे. क्लॅटमध्ये चुकलं की पाव मार्क जातो. चारातले दोन पर्याय नक्की कापता आले तर उत्तर लावून मोकळे व्हा, सरासरीने फायदाच होतो. एकही कापता येत नसेल तर तिथे रेंगाळू नका. सीईटीत चुकीला दंडच नाही आणि तरीही पाच-सात प्रश्न कोरे सोडून येणारी मुलं दरवर्षी भेटतात. शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा आणि कोऱ्या राहिलेल्या प्रत्येक प्रश्नात कुठला तरी पर्याय लावूनच उठा.